खर्जाची साथ : बेस गिटार वाजविणाऱ्या आपल्या हौशी वादकांसाठी

नाताळचे आणि लग्नसराईचे दिवस जवळ येऊ लागले की साक्री, पिंपळनेर, दहिवेल या परिसरातील तरुण वादकांमध्ये एक वेगळीच चर्चा सुरू होते. बेस गिटार कोणती घ्यावी? चार तारांची की पाच तारांची? अॅम्प्लिफायर किती वॉटचा पुरेल? मंडपवाल्याच्या भोंग्यावर बेस चालेल काय? मुंबईच्या वादकाला असे प्रश्न पडले तर तो दुकानात जाऊन चार वाद्ये हाताळून पाहू शकतो. साक्रीला रेल्वे नाही, धुळे सुमारे ५५ किलोमीटरवर, आणि तेथेही बेस गिटार सहजासहजी हाताळायला मिळेल असे नाही. म्हणून आपल्याकडे हे ज्ञान एका वादकाकडून दुसऱ्याकडे तालमीच्या वेळी, चहाच्या टपरीवर, परतीच्या एसटीत असे पसरत जाते. त्यात अनुभवाचे दाणे असतात तसा ऐकीव गोष्टींचा भुसाही असतो. काही प्रश्न आमच्यापर्यंतही येतात. धर्मगुरूला ऑर्गनवर चार सूर वाजविता येतात म्हणजे त्याला सर्वच वाद्ये कळतात, असा एक प्रेमळ गैरसमज आपल्या धर्मग्रामांत रूढ आहे! तरीही विषय महत्त्वाचा आहे. कित्येक घरांत वाद्यासाठी खर्च होणारा पैसा हा कांद्याच्या एका हंगामाचा पैसा असतो, आणि विजेच्या बाबतीत तर चुकीच्या सल्ल्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

प्रथम हे वाद्य करते तरी काय, ते पाहू. मराठी माणसाला ते परक्या शब्दांत समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी 'खर्ज' हा नेमका शब्द आहे. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची तार खर्जाची. ती बंद पडली तर गवय्याला लगेच जाणवते; श्रोत्याला मात्र काहीतरी उणे आहे एवढेच वाटते. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचे जे काम, ढोलकीच्या धुमेचे जे काम, तेच वाद्यवृंदात बेसचे. आपल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील कोकणा बांधवांमध्ये थाळीवरच्या कथा गाण्याची परंपरा आहे. काशाच्या थाळीवर मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवायची आणि ती बोटांनी वरून खाली निसटती ओढत राहायची; थाळी घुमू लागते आणि त्या घुमण्यावर कथा चालते. कथेकरी थांबला तरी थाळी थांबत नाही. ज्याने ती थाळी ऐकली आहे, त्याला बेस गिटारचे निम्मे मर्म आधीच कळलेले आहे.

उरलेले निम्मे मर्म कंपनांचे आहे. चार तारांच्या बेस गिटारच्या तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी अशा लावतात. ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, ए तारेची ५५, डी तारेची सुमारे ७३ आणि जी तारेची ९८. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांची हीच नावे, परंतु बेस त्याहून एक सप्तक खाली. हा स्वर इतका खालचा आहे की मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बाहेर पडतच नाही. तरीही मोबाइलवर गाणे ऐकताना बेसची चाल आपल्याला ऐकू येते, ती कशी? कोणत्याही तारेच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. स्पीकर उपस्वर वाजवितो आणि मूळ स्वर आपला मेंदू जोडून घेतो. म्हणूनच मोबाइलवर ऐकून बेस शिकणाऱ्या मुलाला चाल बरोबर सापडते, परंतु त्या स्वराचा भार किती असतो याची कल्पना येत नाही. पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर वाजविताना तो दचकतो.

हे वाद्य फारसे जुने नाही. त्याआधी खालचा स्वर सांभाळीत असे ते माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे डबल बेस. ते वाहून नेणे जिकिरीचे आणि गजबजलेल्या सभागृहात ते ऐकूही येत नसे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी १९५१ साली एक विजेची बेस बाजारात आणली. ती गिटारसारखी गळ्यात अडकवून वाजविता येई, आणि तिच्या दांडीवर पडदे असल्यामुळे बोट ठेवताच स्वर अचूक लागे. म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन' म्हणजे अचूक. गमतीची गोष्ट अशी की फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. ते वादकांचे ऐकून घेत आणि त्याप्रमाणे वाद्यात सुधारणा करीत. तारेची ३४ इंच लांबी त्यांनी तेव्हा ठरविली, तीच आजही बहुतेक बेस गिटारींवर असते.

या वाद्याचा सर्वांत मोठा वादक कोण, याविषयी मतभेद आहेत. आम्हांला विचाराल तर आम्ही डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) यांचे नाव घेऊ. मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेच्या अगणित लोकप्रिय गीतांवर त्यांची बेस आहे, आणि ती बहुतांशी उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजविलेली आहे. वर्षानुवर्षे त्यांचे नाव तबकडीवर छापले गेले नाही. ते प्रथम ठळकपणे आले १९७१ साली, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर. तारा तुटेपर्यंत ते बदलत नसत, असे त्यांच्याविषयी सांगतात. तारांचा एक संच पंधराशे-दोन हजारांच्या घरात जातो हे ठाऊक असलेल्या आपल्या वादकांना ही गोष्ट ऐकून धीर येईल.

तबकडीवर नाव नसण्याचा अनुभव आपल्या जवळच्या माणसांनीही घेतला आहे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत असत. त्या शिदोरीवर कित्येक गोवेकर मुंबईला आले, धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावच्या 'कुडां'मध्ये राहिले, रात्री हॉटेलांत जाझ वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांपैकीच. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील प्रसिद्ध गीतात त्यांचे नाव आले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक जवळचे नाव म्हणजे टोनी वाझ. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार त्यांच्या हाती होती. चरणजित सिंग (१९४०-२०१५) यांनीही चित्रपट संगीतात बेस वाजविली. त्यांनी १९८२ साली काढलेली दहा रागांची सिंथेसायझरवरील तबकडी पुढे सुमारे तीन दशकांनी जगभर गाजली. ही सर्व मंडळी पाळीच्या हिशेबाने पैसे घेऊन घरी जात. ऑकलंड विद्यापीठातील अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना भेटून २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे अनेकांच्या आठवणी एकत्र नोंदल्या गेल्या. गायकाचे नाव आपल्या ओठांवर असते. त्याच्या पायाखाली जमीन अंथरणारा माणूस कोण, हे आपण विचारीत नाही. अलीकडच्या काळात मात्र मुंबईच्या मोहिनी डे या तरुणीने बेस वादक म्हणूनच जगभर नाव मिळविले. १९९६ साली जन्मलेल्या मोहिनीला हे वाद्य शिकविले ते तिच्या वडिलांनी, आणि तेही बेस वादकच.

आता सल्ल्यांकडे वळू. वादकांच्या तोंडून नेहमी ऐकू येणारा पहिला सल्ला असा : "घ्यायचीच तर पाच तारांची घे." आमचे मत याच्या उलट आहे. पाचवी तार बी स्वराची, सेकंदाला सुमारे ३१ कंपनांची. आपल्याकडे कार्यक्रमाला जे स्पीकर मिळतात, त्यांतील बहुतेकांना हा स्वर धडपणे पेलवत नाही. तेथे तो नुसता घरघरतो. शिवाय वाद्य महाग, तारांचा संच महाग आणि दांडी रुंद. शिकणाऱ्याने चार तारांवरच हात बसवावा. उंची कमी असेल, बोटे लहान असतील तर ३० इंच लांबीची आखूड बेसही मिळते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची प्रसिद्ध बेस याच मापाची आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जुने वाद्य विकत घेण्यात काहीच गैर नाही. नव्या हलक्या वाद्यापेक्षा नीट सांभाळलेले जुने वाद्य केव्हाही बरे. परंतु पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. दांडीच्या टोकाशी एक डोळा मिटून बंदुकीच्या नेमासारखी नजर लावावी. पीळ दिसला तर वाद्य परत ठेवावे, कारण पीळ सहसा निघत नाही. त्यानंतर ई तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. लग्नपत्रिकेचा कागद जेमतेम सरकेल इतकी फट असावी. दांडीत बसविलेल्या ट्रस रॉड नावाच्या लोखंडी सळईने ती कमी-जास्त करता येते. बाराव्या पडद्यावर दाबून वाजविलेला स्वर आणि त्याच जागी तारेला नुसते हलके बोट लावून काढलेला स्वर एकच आला पाहिजे. थोडा फरक असेल तर तो पुलावरील स्क्रूने जुळविता येतो. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. यास पाच मिनिटे लागतात. विकणाऱ्याने तेवढा वेळ दिला नाही, तर त्यातच काय ते समजावे.

चार तारांचा मिळून दांडीवर सुमारे ८० किलोंचा ताण असतो. एखादा धडधाकट माणूस अहोरात्र त्या दांडीला लोंबकळत आहे, अशी कल्पना करा. त्यात खानदेशचे हवामान : उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत, मग एकाएकी पावसाळ्याची ओल. लाकूड आकसते, फुगते, आणि एप्रिलमध्ये नीट वाजणारी बेस ऑगस्टमध्ये खडखडू लागते. तेव्हा घाबरून वाद्य विकण्याचे कारण नाही. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक न फिरविता एक दिवस वाट पाहावी. मात्र उन्हात उभ्या केलेल्या बंद जीपमध्ये वाद्य कधीही ठेवू नये. पत्र्याच्या घरात ते छताजवळ टांगू नये. आतल्या भिंतीशी, पिशवीत ठेवावे.

अॅम्प्लिफायरविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. 'गिटारला ३० वॉट पुरतात, मग बेसला का नाहीत?' असे विचारले जाते. याचे उत्तर आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना फार कमी दाद देतो. खालचा स्वर वरच्या स्वराइतका ऐकू यावा, तर त्याला पुष्कळच अधिक जोर लावावा लागतो. शिवाय आवाज 'दुप्पट' वाटण्यासाठी वॉट दुप्पट करून भागत नाही, सुमारे दहापट करावे लागतात. म्हणून घरच्या सरावाला वीस वॉट, चर्चमधील गायकवृंदाबरोबर पन्नास ते शंभर, आणि ड्रमसह उघड्या मंडपात दोनशे-तीनशे वॉट असा साधारण हिशेब धरावा. याच कारणाने घरी हळू आवाजात ठरविलेली आवाजाची जडणघडण मंडपात फसते. घरी बेस पातळ वाटते म्हणून तिचे बटण पूर्ण फिरविले जाते, आणि तेच मंडपात मोठ्या आवाजात सुरू झाले की सगळा गोंगाट होतो. बटणे कार्यक्रमाच्या आवाजावर, कार्यक्रमाच्या जागीच लावावीत.

आणि भोंगा? उंच खांबावर बांधलेला भोंगा भाषणासाठी आणि घोषणांसाठी बनविलेला असतो. सुमारे ३०० कंपनांच्या खालचे त्याला जवळजवळ काहीच वाजविता येत नाही, आणि बेसच्या सर्व मोकळ्या तारा त्याच्या पुष्कळ खाली आहेत. बेस जोडली तर तिचा स्वर तर निघत नाहीच, उलट भोंग्याच्या युनिटमधील नाजूक पडदा नको तितका हलून फाटतो. मंडपवाला मग पैसे मागतो, आणि त्याचे बरोबरच असते. मंडपात किमान बारा किंवा पंधरा इंची शंकूचे स्पीकर आहेत काय, हे सुपारी घेण्यापूर्वी विचारावे. नसतील तर स्वतःचा अॅम्प्लिफायर न्यावा आणि भोंगे गायकासाठी राहू द्यावेत. साध्या गिटारच्या अॅम्प्लिफायरवर बेस हळू आवाजात चालते. आवाज चढविला की त्याचा शंकू फाटतो. मिक्सर दूर असेल तर मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी लावावी. सहा मीटरपेक्षा लांब साध्या तारेने बेसचा आवाज बोथट होतो आणि त्यात गुणगुण शिरते.

ही गुणगुण म्हणजे आपल्या घरच्या विजेची ५० कंपने. योगायोग असा की ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी स्वर, म्हणजे आपली पांढरी पाच, ४९ कंपनांचा आहे. म्हणून विजेची गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर चढलेली ऐकू येते आणि त्या पट्टीतले गाणे सुरू झाले की वादकाला आपणच बेसूर झालो असे वाटू लागते.

गुणगुण घालविण्यासाठी दिला जाणारा एक सल्ला मात्र आम्ही कठोरपणे खोडून काढू इच्छितो. 'तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, गुणगुण थांबते.' गुणगुण थांबते हे काही वेळा खरे. परंतु ती पिन अर्थिंगची आहे. बेसच्या तारा अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात, आणि माइक दुसऱ्या यंत्राशी. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग तुटले आणि आत वीज उतरली, की हात तारांवर आणि ओठ माइकवर अशा स्थितीतील वादकाच्या देहातून ती वाट काढते. ३ मे १९७२ रोजी इंग्लंडलगतच्या वेल्स प्रांतात, स्वान्सी शहरी, लेस हार्वी हा तरुण गिटार वादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच मंचावर मरण पावला. आपल्याकडे तर ओली जमीन, अनवाणी पाय, जनरेटर आणि चिकटपट्टीने जोडलेल्या तारा हे सगळे एकत्र असते. गुणगुण असह्य झाली तर डीआय बॉक्सवर आवाजाच्या तारेचे अर्थिंग तोडण्याचे बटण असते, ते वापरावे. विजेच्या प्लगला हात लावू नये. मंचावरील सर्व यंत्रे एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे, जनरेटरचे अर्थिंग जमिनीत सळई ठोकून केले आहे की नाही ते विचारावे, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असलेला एक्स्टेंशन बोर्ड वादकमंडळाने वर्गणी काढून बनवून घ्यावा. एखादे नवे पेडल घेण्याआधी हा खर्च करावा. गाणे सुरू होण्यापूर्वी टेस्टर माइकच्या जाळीला आणि बेसच्या तारेला लावून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. तो उजळला तर कोणी कितीही घाई करो, वाजवू नये.

आता प्रत्यक्ष साथीकडे. इंटरनेटवरून शिकलेल्या मुलांची आपल्याकडे एक विशिष्ट अडचण होते. त्यांना ई, ए, डी, जी या पट्ट्यांत वाजविण्याची सवय असते, कारण तेथे मोकळ्या तारा उपयोगी पडतात. आपले गायक मात्र पेटीवर गातात आणि 'काळी चार' किंवा 'काळी एक' असे सांगतात. काळ्या पट्ट्यांचा मूळ स्वर एकाही मोकळ्या तारेवर नाही. यासाठी एवढेच पाठ करावे : ई तारेवर दुसरा पडदा काळी तीन, चौथा काळी चार, सहावा काळी पाच, ए तारेवर चौथा काळी एक, सहावा काळी दोन. षड्ज तेथे धरला की पंचम त्याच्या वरच्या तारेवर दोन पडदे पुढे आणि वरचा षड्ज आणखी एक तार वर, त्याच पंचमाच्या पडद्यावर. ही तीन बोटांची आकृती सर्व पट्ट्यांत तीच राहते. आणखी एक : पेटी कार्यक्रमात सुरात लावता येत नाही, बेस लावता येते. ट्यूनर काहीही दाखवो, बेस पेटीला मिळवून घ्यावी.

नवशिका वादक फार वाजवितो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. केरव्याच्या आठ मात्रांत समेवर षड्ज आणि पाचव्या मात्रेवर पंचम एवढेच वाजविले तरी भजन उभे राहते. कान गायकाकडे न ठेवता ढोलकीच्या किंवा तबल्याच्या डाव्या हाताकडे ठेवावा. धुमेचा ठोका आणि बेसचा स्वर एकत्र पडले तर दोन्ही मोठे वाटतात; अर्ध्या मात्रेने मागेपुढे झाले तर दोन्ही चिखलात रुततात. कीबोर्ड वादकाशी आधी बोलून घ्यावे. आजकालचे कीबोर्ड आपोआप ताल धरतात आणि त्याच्याबरोबर स्वतःची बेसही वाजवितात. एका गाण्यात दोन बेस म्हणजे एका बैलगाडीला दोन धुरकरी. कीबोर्डमधील तेवढा भाग बंद करता येतो. बऱ्याच वादकांना ते बटण ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी ते बंद करायला काहींना आवडत नाही. येथेच आपल्या हौशी बेस वादकांची खरी अडचण आहे. कीबोर्डला मानधन लागत नाही, वाहनात जागा लागत नाही आणि तो तालमीला उशिरा येत नाही. मग पाचवा माणूस कशाला, असा प्रश्न सुपारी देणारा विचारतो. याला एकच उत्तर आहे : यंत्र गायकाची वाट पाहत नाही. कडवे लांबले, गायिकेचा श्वास पुरला नाही, वऱ्हाड मध्येच उठले, तर बेस वादक एका नजरेत थांबतो आणि पुन्हा समेवर सर्वांना गोळा करतो. जो वादक हे करू शकतो त्याला पुढच्या वर्षीही बोलावतात. जो केवळ यंत्रासारखे वाजवितो, त्याची जागा यंत्र घेईलच.

चर्चमधील वादनाचे काही वेगळे विशेष आहेत. सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर यांत खालचा स्वर घुमतो. ई स्वराची एक लहर सव्वाआठ मीटर लांब असते. ती भिंतीवर आपटून परत येते आणि कोठे दुप्पट होते, कोठे नाहीशी. अॅम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवला तर ही घूम वाढते. म्हणून तो कोपऱ्यापासून दूर, स्टुलावर ठेवावा आणि खालच्या स्वरांचे बटण कमी करावे. चर्च भाविकांनी भरले की वरचे स्वर कपड्यांत शोषले जातात, खालचे फारसे नाहीत. तालमीला ठीक वाटलेली बेस मिस्साच्या वेळी जड वाटते ती यामुळे.

उपासनेत हे वाद्य चालते काय, असेही काही ज्येष्ठ विचारतात. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले, आणि इतर वाद्ये पवित्र कार्यास योग्य असतील, मंदिराच्या प्रतिष्ठेशी सुसंगत असतील आणि भाविकांच्या उन्नतीस खरोखर हातभार लावीत असतील, तर तेथील अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्याची मुभा दिली. ऑर्गनच्या पायपट्ट्या ज्या स्वरांत वाजतात त्याच स्वरांत बेस वाजते. उपासनेत ती अडचण ठरते ती वादक मिरवू लागला तर. उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवावीत, असा नियम आहे. लेतारे रविवार आणि सोहळे-सण तेवढे अपवाद. बेस वादकाला हा नियम जाचक वाटू नये, कारण आधार देणे हेच तर त्याचे बारमाही काम.

लग्नाच्या आणि सणाच्या कार्यक्रमांत आवाजाच्या वेळेचेही भान ठेवावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. खालचे स्वर भिंती भेदून सर्वांत दूर जातात. शेजारच्या वस्तीतील आजारी माणसाला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, बेस मात्र ऐकू येते. तक्रार झाली तर ती आधी तुमचीच होईल. मानधन, जेवण आणि परतीचे वाहन हे तिन्ही ठरल्याशिवाय सुपारी घेऊ नये. रात्री अकरा वाजता महामार्गावरील फाट्यावर अॅम्प्लिफायर घेऊन ट्रकला हात दाखवीत उभे राहण्यात कोणतीही कला नाही.

कार्यक्रम संपल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसाव्यात. घामामुळे त्या गंजतात. बोथट झालेल्या तारा दहा मिनिटे पाण्यात उकळण्याची जुनी युक्ती खरोखर चालते. त्यांतील मळ निघतो आणि काही दिवस तरी त्या पुन्हा खणखणतात. मात्र पूर्ण वाळवूनच चढवाव्यात, आणि घरातील चहाचे पातेले त्यासाठी वापरू नये. ज्यांच्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आहे त्यांनी वाजवून झाल्यावर तार वाद्यातून उपसून ठेवावी. तार खोचलेली राहिली की बॅटरी रात्रभर जळत राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला पहिल्याच गीतात आवाज बसतो.